आधी काय वाचू, 'इन्व्हिन्सिबल' की 'माय हीरो अकॅडेमिया'?

दोन्ही मालिका संपल्यात, त्यामुळे पुढच्या अंकासाठी ताटकळायचं नाही. 'इन्व्हिन्सिबल' ही अमेरिकन सुपरहीरो कॉमिक, २००३ ते २०१८, १४४ अंक, तीन जाडजूड कम्पेंडियममध्ये (एकत्रित खंडांमध्ये) आटोपते. 'माय हीरो अकॅडेमिया' ही हीरो घडवणाऱ्या शाळेवरची जपानी मांगा (कॉमिक), २०१४ ते २०२४, ४३० प्रकरणं, ४२ खंड. कपाटाचा कप्पा रिकामा करून ठेवा. सुरुवात दोन्हींची झकास. फरक कळतो तो शेवट जवळ आल्यावर.

'इन्व्हिन्सिबल'चा लेखक रॉबर्ट कर्कमन तिथे उड्या मारत सुटतो. नायक मार्क भूतकाळात जाऊन परततो तोवर घरी पाच वर्षं उलटलेली. तान्ही असलेली लेक टेरा आता चांगली चुरूचुरू बोलणारी पोर. वाचताना पोटात खड्डा पडतो. पण एवढं सोसलेल्या टेराच्या आईला, ईव्हला, रडायला-भांडायला फार पानं मिळत नाहीत, पुढचं संकट दारात उभंच. शेवटचे बारा अंक तर सुसाट. रायन ऑटलीची दोन-दोन पानांवर पसरलेली चित्रं हाणामारी छान पेलतात, तरी खलनायक थ्रॅग मला शेवटपर्यंत नुसता ताकदीचा डोंगर वाटला. नोलन आणि मार्कचं बापलेकाचं नातं मात्र खणखणीत. सुरुवातीलाच बापाने लेकाला रक्तबंबाळ केलेलं असतं, आणि तो हिशोब कर्कमन कधीच विसरत नाही.

'माय हीरो'चा कर्ता होरिकोशी, त्याचं उलट. शेवटचं युद्ध ऐंशीएक प्रकरणं चालतं. दर आठवड्याला वाचणारे आम्ही अक्षरशः मेटाकुटीला आलो होतो: ठोसा उगारला, मध्येच बालपणीच्या आठवणी, ठोसा बसणार पुढच्या आठवड्यात! पण तोदोरोकी कुटुंबाचा भाग बघा. पेटलेल्या थोरल्या मुलाकडे, तोयाकडे, आई आणि भावंडं स्वतः भाजत धावतात, बाप एंडेव्हर तिथेच असतो, आणि त्याला स्वस्तात माफी कोणी देत नाही. रेंगाळल्याशिवाय हे जमलं नसतं. वर्गातली बरीच पोरं मात्र एखाद्या चौकटीत चेहरा दाखवून गायब होतात, आणि या गर्दीत खुद्द नायक डेकूही मला अधूनमधून हरवल्यासारखा वाटला.

माझं मत 'इन्व्हिन्सिबल'ला. घरात दहा-बारा वर्षांचं कोणी खांद्यावरून डोकावणारं असेल तर मात्र नको, कर्कमनच्या पानांवर आतडी बाहेर येतात. आणि 'माय हीरो' घेतलंत, तर शेवटचे सात-आठ खंड हाताशी आल्याशिवाय त्या युद्धाला हात घालू नका.