नॉर्दर्न लाइट्सच्या खऱ्या वेगातल्या व्हिडिओसाठी सोनी ए७एस थ्री

नॉर्दर्न लाइट्सचे बहुतेक व्हिडिओ टाइमलॅप्स, म्हणजे एकामागून एक काढलेले फोटो जोडून केलेले असतात. पाच-दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये प्रकाशाच्या पडद्याच्या खालच्या काठाने धावणारी गुलाबी किनार पुसली जाते आणि हिरवा धूर तेवढा उरतो. ती किनार तिच्याच वेगात टिपायची असेल, तर २०२०चा असूनही हा कॅमेरा आजही घ्यावा असाच आहे. फुल-फ्रेम सेन्सरवर पिक्सेल फक्त १.२१ कोटी, म्हणून प्रत्येक पिक्सेल मोठा आणि अंधारात जास्त प्रकाश धरणारा. छापायला मोठे फोटो हवे असतील, तर मात्र हा तुमचा कॅमेरा नाही.

लेन्स एफ/१.४चीच हवी (एफचा आकडा जितका लहान, तितकं अॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं), एफ/२.८वर प्रकाश चौथा हिस्सा मिळतो. सिग्मा २० मिमी डीजी डीएनला फोकस रिंग लॉक करायचा खटका आहे, हातमोजे घातलेले असताना तो फार उपयोगी पडतो.

सेकंदाला २५ फ्रेम असतील, तर शटर १/२५ सेकंद ठेवा. शटर फ्रेमच्या दुप्पट, म्हणजे १/५० ठेवायचा नेहमीचा नियम इथे सोडायचा, पण १/१२वर उतरू नका: एकच चित्र दोन फ्रेममध्ये येतं आणि हालचाल अडखळते. एस-लॉग३ या सोनीच्या रेकॉर्डिंग प्रोफाइलमध्ये आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००००पेक्षा १२८००ला नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, कमी दिसतो, कारण सेन्सरचं दुसरं गेन (सिग्नल वाढवण्याची पायरी) तिथे सुरू होतं. त्यामुळे प्रकाश एकदम भडकला, तर आयएसओ तसाच ठेवून अॅपर्चर एफ/२ करा. व्हाइट बॅलन्स ३५०० केल्विनवर पक्का. ऑटोवर हिरवा रंग सारखा बदलत राहतो. काळोखात स्क्रीन उगाच उजळ भासते आणि फुटेज काळं निघतं, तेव्हा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेखच बघा.

४के, १०-बिट, १४० एमबीपीएसला मिनिटाला साधारण १ जीबी जागा लागते.

निफाडच्या थंडीत बॅटरीला काही होत नाही; उणे १५ला ती झपाट्याने उतरते. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. हॉटेलात शिरण्याआधी, बाहेरच कार्ड काढून कॅमेरा झिप पिशवीत बंद करा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर लेन्सवर आणि आतही दव धरतं.

एका सहलीसाठी विकत घेण्यापेक्षा नाशिकमध्ये भाड्याने घेतलेला बरा. दुकानातच लेन्सची टोपी लावून १२८००ला मिनिटभर रेकॉर्ड करा. लाल-निळे ठिपके दिसले तर मेनूतलं पिक्सेल मॅपिंग (बिघडलेले पिक्सेल झाकणारी सोय) चालवा. तरीही राहिले तर दुसरा कॅमेरा मागा. मग अमावस्येच्या आसपास अंजनेरीच्या पायथ्याशी जाऊन, हातमोजे घालून, चित्र मोठं करून ताऱ्यावर फोकस लावायचा सराव करा.