पावसाळ्यात विहिरीचं पाणी तपासायला कोणती बाटली घ्यावी?

पहिल्या पावसाचं गढूळ पाणी विहिरीत उतरलं की ग्रामपंचायतीला आधी ओटी चाचणी आठवते. ती मिनिटभरात क्लोरीन दाखवते, जंतू नाही. जंतू वाढायलाच वेळ लागतो, त्यामुळे 'झटपट' म्हणजे इथे एक दिवस धरा.

एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड वायू दाखवणारी) बाटली सगळ्यात स्वस्त. खुणेपर्यंत, म्हणजे बहुतेक बाटल्यांत 20 मिली, पाणी भरायचं आणि 24 ते 48 तास ठेवायचं. काळं पडलं तर पाणी संशयित. मात्र ही बाटली ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, ओळखत नाही. तो जंतू सहसा हायड्रोजन सल्फाइड बनवतच नाही. काळा रंग विष्ठेतल्या सिट्रोबॅक्टर, साल्मोनेला अशा सोबत्यांचा असतो. बोअरच्या पाण्याला कुजक्या अंड्याचा वास असेल तर विष्ठा नसतानाही बाटली काळवंडते, कधी भरताक्षणीच. तो निकाल धरू नका. डिसेंबरच्या थंडीत जंतू रेंगाळतात, तेव्हा 24 तासांवर 'शुद्ध' लिहून मोकळं होणं चूक. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत उलट, अति उष्णतेने वाढच खुंटते.

एंझाइम-सबस्ट्रेट पावडर महाग, पण नेमकी. 100 मिली पाण्यात टाकून 35 अंशांवर 24 तास. पिवळं झालं तर कोलिफॉर्म गटातले जंतू. अंधारात 365 नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली निळसर चमकलं तर ई. कोलाय. उघड्या विहिरीत मातीतलेही कोलिफॉर्म येतात, म्हणून नुसत्या पिवळ्यावर घाबरू नका, चमक बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 10500) 100 मिलीत ई. कोलाय आढळता कामा नये. 20 मिलीच्या बाटलीतून थोडेसे जंतू सहज निसटतात.

जिल्हा प्रयोगशाळेची एमपीएन चाचणी जंतूंचा अंदाजी आकडा देते. पण निकालाला दोन ते चार दिवस, आणि नमुना बर्फात, शक्यतो सहा तासांत पोचवायचा. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडहून तो निघणार कसा?

आमचं मत: सगळ्या विहिरींना एचटूएस, आणि ज्या विहिरीवर गाव पितं तिला एंझाइम. यवतमाळ-चंद्रपूरकडचं फ्लोराइड यातल्या कशातच दिसत नाही, ते वेगळं तपासा.

टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेल्या पाण्याचा नमुना घेताना बाटली विसळू नका. आतली पांढरी पूड सोडियम थायोसल्फेट असते. ती धुतली गेली तर उरलेलं क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतं आणि निकाल खोटा चांगला येतो. काळी झालेली बाटली नालीत ओतू नका. ती जंतूंनी भरलेली असते. आत टीसीएलचं दाट द्रावण घालून अर्धा तास ठेवा, मग विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरा.