महिन्याचा किराणा: मार्केट यार्ड, मॉल, वाणी की मोबाइल?

पुण्यात चार माणसांच्या घराचं सामान आज चार वाटांनी येतं: गुलटेकडीचं मार्केट यार्ड, डी-मार्टसारखं मोठं दुकान, कोपऱ्यावरचा वाणी आणि काही मिनिटांत दारात पिशवी आणणारं अ‍ॅप. गव्हाला जी वाट परवडते ती मेथीला परवडत नाही. म्हणून आधी यादी फोडा, मग दुकान ठरवा.

गव्हापासून सुरुवात करू. माणशी रोज चार पोळ्या धरल्या तर चौघांना महिन्याला १५ किलो गहू पुरतो. यार्डाच्या भुसार विभागात कट्टा, म्हणजे लहान पोतं, उचलला की किलोमागे भाव उतरतो. शिवाय २५ किलोपर्यंतच्या लेबलबंद धान्य, डाळी आणि पिठावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर आणि त्याहून मोठ्या पोत्यावर तो नाही. २६ किंवा ३० किलोंचे कट्टे दिसतात ते यामुळेच.

तरीही हिशेब पुरता करा. समजा किलोमागे ५ रुपये सुटले, तर ३० किलोंवर १५० रुपये वाचतात. कोथरूडहून रिक्षानं जाऊन-येऊन त्याहून जास्त जातात. एकट्या घरानं दर महिन्याला यार्डाची फेरी मारू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून टेम्पो केला किंवा उन्हाळ्यात वर्षाचं धान्य एकदम भरलं, तरच पैसे वाचतात.

आणि वर्षाचं भरायचं तर ऊन हवं. गहू चाळून, निवडून दोन-तीन कडक उन्हं दाखवायची आणि पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरायचा. कोमट गहू भरला की आत वाफ धरते आणि पावसाळ्यात टोके होतात. मग वाचलेले पैसे कोंड्याबरोबर जातात. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावा, रवा भाजून ठेवा, नाहीतर जाळी धरते. गॅलरीत ऊनच येत नसेल तर दोन महिन्यांच्या वर साठा करू नका.

तेलात सगळ्यात जास्त फसगत होते. १५ किलोंचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात. पण लिटरभर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३.६५ किलोच तेल असतं. पाऊचचंही तसंच, शेजारच्या ब्रँडचा भाव कमी दिसला तर आधी वजन वाचा. एमआरपीजवळ बारीक अक्षरांत दर ग्रॅमचा किंवा मिलीचा (मोठ्या पॅकवर किलोचा किंवा लिटरचा) भाव छापलेला असतो, तुलना त्याच्याशीच करा. तेल, साबण, साखर, चहा यांत मोठं दुकान वाण्यापेक्षा सहसा स्वस्त पडतं. दोघांच्याच घरात मात्र डबा फोडू नका, संपेपर्यंत तेल खवट होतं.

मोठ्या दुकानाचा धोका ट्रॉलीत असतो. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीत देशाच्या शहरी भागात एकूण खर्चापैकी ३.६४ टक्के धान्यावर गेले, तर पेयं, तयार आणि पाकीटबंद खाणं यांवर १०.६४ टक्के, म्हणजे जवळजवळ तिप्पट. गव्हाच्या पाच रुपयांसाठी घासाघीस करून बिस्किटं, फरसाण आणि थंड पेयांनी ट्रॉली भरली तर सगळी बचत तिथेच गेली. कागदावर लिहिलेली यादी घेऊन, पोटभर जेवून जा.

भाजीचं गणित निराळं. यार्डातले घाऊक भाव फळभाज्यांना दहा किलोंचे आणि पालेभाज्यांना शेकडा जुडीचे असतात. सोमवारच्या पेपरात ते वाचले की दहानं किंवा शंभरानं भागा. मंडईत त्यावर हमाली, वाहतूक आणि नासाडी चढणारच. फरक दुपटीच्या पुढे गेला तर पुढचा गाळा बघा. पालेभाजीत नुसता जुडीचा भाव पाहू नका. मेथीची जुडी हातात घेऊन देठ दाबा: जाड, निबर देठांची स्वस्त जुडी निवडल्यावर निम्मीही उरत नाही. पाणी मारलेली कोथिंबीर दुसऱ्या दिवशी काळी पडते. जवळ शेतकरी आठवडे बाजार भरत असेल तर आठवड्याची भाजी तिथूनच घ्या. कांदा-बटाटा पाच किलो, टोमॅटो मात्र चार दिवसांपुरताच.

वाण्याला कमी लेखू नका. तो १०० ग्रॅम जिरं मोजून देतो, फोनवर सामान पोचवतो, किडकी डाळ बदलून देतो, महिनाअखेर वहीवर लिहून घेतो. एकट्यानं खोली घेऊन राहणाऱ्याला डाळ-तांदूळ दोन-दोन किलोच लागतात. त्याला वाणीच परवडतो.

अ‍ॅप विसरलेल्या वस्तूसाठी ठीक. तिथे भाजीचा भाव २०० किंवा २५० ग्रॅमचा असतो, तो आधी किलोचा करा. मग शेवटच्या पडद्यावर पोचवण्याचे, हाताळणीचे आणि लहान ऑर्डरचे जादा पैसे धरून एकूण रक्कम बघा, आणि तेवढ्याच सामानाचा भाव वाण्याला फोनवर विचारा.