बुलेटवर ठमी: मागच्या सीटवरच्या डॉग कॅरियरचा आठ महिन्यांचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, तुमचं कुत्रं मोठं असेल, लॅब वगैरे, तर यातलं फार काही कामाचं नाही. ठमी आमची गावठी, साडेआठ किलो. मी पुण्यात कोथरूडला, गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, म्हणजे बोलीतली बुलेटच.

कॅरियर घ्यायच्या आधी दोन वर्षं ती आईच्या अ‍ॅक्टिवावर पाय ठेवायच्या जागेत उभी राहून फिरायची, पुण्यात निम्मी कुत्री अशीच फिरतात त्यामुळे आपल्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मग एकदा नळस्टॉपला सिग्नलवर समोरून दुसरं कुत्रं गेलं आणि हिने मारली उडी. पट्टा हाताला गुंडाळलेला, त्याच हातात हँडल, गाडी आडवी. थांबलेलो होतो म्हणून वाचलो, पण पट्टा गळ्यातल्या कॉलरला होता आणि ती क्षणभर त्यावरच लटकली, ते खोकणं अजून कानात आहे.

पहिल्यांदा पाठीवरची सॅक घेतली, पाय बाहेर आणि तोंड माझ्या खांद्यावर येतं ती. दिसायला एक नंबर, सिग्नलला लोक फोटो काढायचे. पण वारज्यापर्यंत जाईस्तोवर खांदे भरून यायचे, ती कलली की माझा तोल त्या बाजूला, आणि मी पाठीवर पडलो तर खाली तीच की! पुढे छातीवर घेऊन बघितली तर हँडल पूर्ण वळेना. सॅक आता फक्त वेताळ टेकडीवर ती दमली की कामाला येते.

मग मागच्या सीटवर ठेवायचा जाळीचा कॅरियर. यात माझी चूक अशी की 'दहा किलोपर्यंत' लिहिलंय म्हटल्यावर लगेच मागवला, मोजलंच नाही. वजनाबरोबर लांबी बघायला पाहिजे, मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत टेप लावायची, आणि आत बसून, उभं राहून, वळता आलं पाहिजे. ठमीला वळताच येईना. बदलून द्यायला विकणाऱ्याने तीन आठवडे घोळ घातला, का तर म्हणे टॅग काढलाय. टॅग न काढता कुत्रं कसं बसवून बघणार ते त्यालाच माहीत.

दुसरा आला अडतीसशेचा. सोबत बेल्ट होते पण नुसत्या बेल्टवर अजिबात जाऊ नका. रस्त्यावर न्यायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात चांदणी चौकाच्या उताराला ब्रेक दाबला तर अख्खा कॅरियर सरकून माझ्या पाठीला टेकला, आत ठमी एका कोपऱ्यात गोळा. क्लासिकची मागची सीट वेगळी निघते, त्यामुळे नाना पेठेतल्या एका फॅब्रिकेटरकडून जाड पत्र्याची प्लेट करून घेतली, सीटच्याच बोल्टवर बसते, आणि कॅरियर त्यावर आवळला. बाराशे रुपये गेले, पण आठ महिन्यांत बोटभरही हललेला नाही.

आणि आतला, पट्टा अडकवायचा हुक. घरी एकदा हाताने जोरात ओढून बघा, माझा नुसता कापडाला शिवलेला होता, दोन झटक्यात टाके उसवले. आता पट्टा तळातून काढून थेट प्लेटच्या कडीत अडकवलाय आणि दुसरं टोक छातीच्या हार्नेसला, पाठीवरच्या रिंगमध्ये. कॉलरला कधीच नाही, झटका बसला की सगळा जोर गळ्यावर येतो. लांबी एवढीच की बसता-वळता येईल पण पुढचे पाय बाहेर टाकता येणार नाहीत. मी दोनदा कापून कमी केला.

लगेच रस्त्यावर नेलं नाही. आधी हॉलमध्ये कॅरियर उघडा ठेवून आत चीजचे तुकडे, मग पार्किंगमध्ये नुसती गाडी चालू करून (त्या आवाजाला ती चार दिवस पळत होती), मग सोसायटीतल्या सोसायटीत एक चक्कर. आई रोज म्हणायची, "अरे त्या मुक्या जिवाला खोक्यात कशाला कोंबतोस?" तिसऱ्या आठवड्यात ठमी आपली आपण आत जाऊन झोपली तेव्हा आई गप्प. गॉगल मात्र ठमीने आजपर्यंत डोळ्यांवर ठेवून घेतलेला नाही, त्यामुळे धूळ-किड्यांसाठी पुढची जाळी बंदच ठेवतो आणि चाळीसच्या वर जात नाही.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. मागे एवढं धूड आलं की पाय मागून टाकून बसताच येत नाही, गुडघा वर घेऊन टाकीवरून टाकावा लागतो, पहिले काही दिवस माझा बूट दर वेळी टाकीला घासला. डबल स्टँडवर लावून ठमीला बसवायचं म्हटलं तर स्टँड काढताना तिला दणका बसतो, म्हणून साइड स्टँडच बरा.

उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाला निघून नऊच्या आत घरी. कुत्र्याचं अंग मुळातच ३८-३९ डिग्री, घाम जेमतेम पंजांना, धापा टाकणं हाच काय तो त्यांचा पंखा, त्यात काळं कापड आणि सिग्नलचं ऊन. पावसाचं कव्हर घातलं की आत हवाच नाही, त्यामुळे पावसात आम्ही सरळ घरी.

सगळ्यात जास्त त्रास भटक्या कुत्र्यांचा. एरवी बाइकमागे धावतातच, पण आत कुत्रं आहे कळलं की चार-चार जण. अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा मोह होतो, पण आधी जोरात गेलो तेव्हा खड्ड्यात आपटलो आणि ठमीची हनुवटी फ्रेमवर, तेव्हापासून हळू करतो, वेळ पडली तर थांबतो, बहुतेक वेळा तीही थांबतात. तळाला आता योगा मॅटचे दोन थर घातलेत.

परवा पानशेतहून येताना कॅरियरची उजवीकडची चेन (झिप) अडकायला लागली. तिने नाकाने ढकलून ती उघडायची युक्ती आधीच शोधलीये म्हणून दोन्ही चेनच्या कड्या एका छोट्या क्लिपने जोडून ठेवतो, पण क्लिप आहे म्हणून चेन फाटायची थांबणार नाही, रविवारी बॅगवाल्याकडून बदलून घेणार.