बिडाचं आप्पेपात्र, सहा महिने वापरल्यानंतर

तुळशीबागेतून ७ खळग्यांचं बिडाचं आप्पेपात्र आणलं आणि आमच्या सकाळी बदलल्या. लेक साडेतीन वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. दोघांनाही गोड शिरा, दूध-बिस्किटं नकोच असतात.

रात्रीची मुगाची खिचडी उरली की हाताने मोडते, त्यात दोन चमचे नाचणीचं पीठ, किसलेला दुधी, जिरं आणि भिजेल इतकंच ताक. खळग्यात थेंबभर तूप सोडलं की चर्र होतं, झाकण ठेवून ३-४ मिनिटांत कडा तांबूस होऊन सुटायला लागतात. वरून कुरकुरीत, आत लोण्यासारखं मऊ. धाकट्याच्या मुठीत अर्धा आप्पा नेमका मावतो, भरवावं लागत नाही.

पहिले दोन घाणे मात्र पार चिकटले. नवं बीड तेल लावून तीन-चारदा तापवावं लागतं, हे दुकानात कोणी सांगितलं नाही. धुतल्यावर लगेच पुसून तेलाचा हात फिरवा, नाहीतर गंज धरतो. वजनाला भारी आहे, आणि बूड सपाट नसल्यामुळे माझं इंडक्शनवर चालत नाही. तरी नॉनस्टिकला हा खरपूसपणा येत नाही, मी दोन्ही वापरलीत.

उद्या उरलेल्या पिठल्याचे करणार आहे, लेकीच्या वाट्याच्या आप्प्यांत पनीरचा तुकडा घालून.