शेतजमीन दाखवावी की सह-प्रायोजक शोधावा?
अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मुलाचे उत्पन्न आई-वडिलांच्या ग्रीन कार्डासाठी लागणाऱ्या, तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के मर्यादेला कमी पडले, की लातूर-बीडकडच्या घरांत वडिलांच्या शेतजमिनीचा विषय निघतो. प्रायोजित व्यक्तीची, म्हणजे इथे आई-वडिलांची, मालमत्ता धरली जाते हे खरे. परंतु कर्ज वजा जाता तिची किंमत तुटीच्या पाचपट हवी आणि वर्षभरात तिचे पैसे करता यायला हवेत. सातबाऱ्यावर भावांची सामाईक नावे आणि इतर हक्कांत सोसायटीचा बोजा असेल, तर हे सिद्ध करणे फार कठीण जाते. त्यापेक्षा स्वतःच्या कुटुंबासह आई-वडिलांपुरते उत्पन्न एकट्याने दाखवू शकणारा, तिथेच राहणारा सह-प्रायोजक, म्हणजे मुलासोबत त्यांच्या आर्थिक आधाराची हमी देणारा, मला निश्चितच भरवशाचा वाटतो. मात्र ती हमी आई-वडील नागरिक होईपर्यंतही चालू राहू शकते, हे त्याला सहीपूर्वी स्पष्ट सांगावे.