नव्या संकेतस्थळाचा मजकूर आणि छायाचित्रे: स्वतः तयार करावीत की तयार करून घ्यावीत?

नवे संकेतस्थळ रखडते ते बहुतेक वेळा तांत्रिक अडचणीमुळे नव्हे. डोमेन घेतलेले असते, मांडणी झालेली असते आणि पानांवर मात्र ‘लोरेम इप्सम’चा भरतीचा मजकूर आणि करडे रिकामे चौकोन तसेच राहिलेले असतात. म्हणून मजकूर आणि छायाचित्रे कोण तयार करणार, हे मांडणी सुरू होण्यापूर्वीच ठरवावे, कारण तीन ओळींसाठी आखलेल्या जागेत नंतर तीन परिच्छेद कोंबता येत नाहीत.

मजकूर स्वतः लिहिण्याचा मोठा फायदा म्हणजे कामाचे बारकावे तुम्हालाच ठाऊक असतात. मात्र त्याच आपुलकीपोटी पहिले पान संस्थेच्या स्थापनेपासून सुरू होते आणि तुम्ही नेमके काय करता, कोणासाठी करता, खर्च किती येतो व संपर्क कसा साधावा, ही वाचकाला हवी असलेली माहिती पार तळाशी जाते. व्यावसायिक लेखक हा क्रम सुधारतो आणि पाल्हाळ कापतो. परंतु त्याला पुरेशी माहिती दिली नाही, तर ‘दर्जेदार सेवेसाठी आम्ही कटिबद्ध आहोत’ यासारखी कोणाच्याही पानावर खपून जाणारी वाक्ये पदरी पडतात. याउलट ‘यंत्र सकाळी आणून दिल्यास दोष त्याच दिवशी कळवतो आणि सुटा भाग बदलण्यापूर्वी खर्च सांगून तुमची संमती घेतो’ हे वाक्य काम करणाऱ्यालाच सुचते. त्यामुळे कच्चा मजकूर तुम्ही लिहावा आणि त्यावर हात फिरवण्याचे काम लेखकाकडे द्यावे, ही विभागणी मला सर्वांत योग्य वाटते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाच हात कमी खर्चात फिरवतात, पण अपुऱ्या माहितीतील मोकळ्या जागा ती मनानेच भरतात. म्हणून त्यांच्याकडून आलेले प्रत्येक साल, आकडा आणि दावा तपासल्याशिवाय पानावर जाऊ देऊ नये.

छायाचित्रांच्या बाबतीत माझे मत अधिक ठाम आहे. अनस्प्लॅश किंवा पेक्सेल्ससारख्या संग्रहांतील चित्रे सुबक असतात, विनामूल्य मिळतात आणि व्यावसायिक कामासाठीही वापरता येतात. पण तेच हसरे चेहरे तुमच्या प्रतिस्पर्ध्याच्या पानावरही दिसू शकतात. पार्श्वभूमीसाठी किंवा लेखाच्या शीर्षस्थानी ती चालतील. तुमची माणसे, तुमची जागा आणि तुमचे काम दाखवायचे असेल, तर खिडकीजवळच्या उजेडात स्वतः टिपलेले साधे छायाचित्रही त्यांच्यापेक्षा जास्त विश्वास देते. अर्थात, त्यात दिसणाऱ्या व्यक्तींची संमती आधी घ्यायलाच हवी. शोधयंत्रात सापडलेले चित्र उचलून लावणे हा पर्यायच नव्हे, कारण सापडणे म्हणजे परवाना मिळणे नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर वापराची मुभा देणाऱ्या तयार परवान्यांतही काही केवळ श्रेय मागतात, तर काही व्यावसायिक वापराला मनाई करतात. तेव्हा चित्र डाउनलोड करतानाच त्याचा परवाना आणि मूळ दुवा नोंदवून ठेवावा.

स्वतःची छायाचित्रे वापरायची, तर त्यांच्या आकाराकडे लक्ष द्यावे लागते आणि याच ठिकाणी हयगय सर्वाधिक होते. १२ मेगापिक्सेलच्या फोनचे छायाचित्र साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचे, म्हणजे चित्र बनवणाऱ्या तितक्या ठिपक्यांचे असते. पानावर ते १२०० पिक्सेल रुंदीत दिसणार असेल, तर १२०० बाय ९०० म्हणजे जेमतेम ११ लाख पिक्सेल पुरतात. तरीही मूळ फाइल तशीच चढवली, तर वाचकाच्या फोनला सुमारे अकरा पट पिक्सेल विनाकारण ओढावे लागतात. पिक्सेल अधिक दाट असलेल्या पडद्यांसाठी दुप्पट रुंदीची वेगळी प्रत ठेवता येते. फाइलच्या प्रकारांपैकी छायाचित्रांसाठी जेपेग चालते, पण गूगलने २०१० साली आणलेले वेबपी त्याच दर्जाला साधारण २५ ते ३४ टक्के लहान फाइल देते आणि आजचे सर्व प्रमुख ब्राउझर ते दाखवतात. पारदर्शक पार्श्वभूमीच्या चित्रांना पीएनजी आणि बोधचिन्हाला एसव्हीजी बरे, कारण एसव्हीजी कितीही मोठे केले तरी फाटत नाही. मूळ छायाचित्रे देताना व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवू नयेत, तेथे ती आक्रसतात. डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून द्यावीत. प्रत्येक अर्थपूर्ण चित्रासोबत त्यात काय दिसते हे सांगणारी एक ओळ लिहून द्यावी, म्हणजे पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे साधन) वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकालाही ते पोहोचते. ही ओळही तुम्हीच लिहावी. चित्रातले नेमके काय महत्त्वाचे आहे हे मांडणी करणाऱ्याला माहीत नसते.

पैसे एकाच गोष्टीवर खर्च करता येणार असतील, तर निकष सोपा आहे. फर्निचर, कपडे, वास्तुरचना यांसारखे डोळ्यांनी पारखले जाणारे काम असेल, तर छायाचित्रकार नेमावा आणि मजकूर स्वतः लिहून नेमका ठेवावा. सल्ला, शिकवणी, हिशेब यांसारखे समजावून सांगावे लागणारे काम असेल, तर चांगला लेखक नेमावा आणि छायाचित्रे फोनवरच काढावीत.